टाकीत ठेवायचा ऐवज

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी. शुगर आहे तशीच, आईचे गुडघेही तसेच. झालं.

एवढ्या दिवसांनी लिहितोय म्हणून शिव्या दे, पण वाचून झाल्यावर. मी नसबंदी करून घेतोय. हस. हसून झालं की पुढे वाच.

दोन्ही सिझर, त्यात धाकटीच्या वेळी हिचं बीपी कुठं गेलं होतं ते तुला सांगायला नको, रक्ताची पिशवी घेऊन तूच पळत होतास. घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं की ऑपरेशन हिचंच. मी म्हटलं, तिचं पोट दोनदा फाडून झालं, आता माझी पाळी. बिनटाक्याची करतात, जागा बधिर करून. अर्ध्या तासात मोकळं, त्याच दिवशी घरी. पुढं तीनेक महिने जपायचं आणि तपासणीत शुक्राणू नाहीत असं आलं की सुटलो. दादा म्हणाले, "आणीबाणीत नसबंदीची जीप दिसली की आम्ही उसात पळायचो, अन् हे येडं आपल्या पायानं चाललंय." २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. दहावीला बोर्डात नाही आलो, इथं तरी मेरिटमध्ये.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग डॉक्टर म्हणाले, हे कायमचं समजूनच करा. नळी परत जोडता येते, पण मूल होईलच असं नाही, आणि वर्षं जातील तशी आशा कमी. मनात किंतु असेल तर आधी वीर्य गोठवून ठेवा. मी लगेच हो म्हणालो. हिनं माझ्याकडं असं बघितलं की बस.

तपासणीच्या खोलीचं काय सांगू. कडी लागत नव्हती, दाराला खुर्ची लावली. भिंतीवर गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर, तेही मागच्याच महिन्यावर. हातात झाकणाची डबी, तिच्यावर माझं नाव, हिचं नाव, वेळ. बाहेर कुणीतरी मोठ्यानं सोयाबीनचा भाव विचारत होतं. अशात माणसानं काय करावं! तरी रिपोर्ट चांगला आला. रक्तही तपासलं, एचआयव्ही, कावीळ वगैरे. आता पुढचं ठेवायचं, ते द्रवरूप नत्रात, उणे १९६ अंशावर. टाकी बघितली आणि अण्णा आठवले. गाई भरवायला ते जर्सी वळूच्या वीर्याच्या कांड्या काढायचे आणि आपण त्या धुरात तोंड घालून रट्टे खायचो, अगदी तसलंच नळकांडं. बाहेर काढल्यावर निम्मे तरी मरतात म्हणे, म्हणून चार-पाच कुप्या भरून ठेवायच्या. दरवर्षी भाडं.

घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली, "कुणासाठी ठेवायलाव?"

मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले म्हणून. तिला वाटतंय मला मुलगा पाहिजे. दोन पोरींचा बाप मी, तिच्यासमोर कधी तसं बोललो नाही, पण संशय आता घरात येऊन बसला. त्यात आईला कुठून वास लागला कुणास ठाऊक. "म्हंजे अजून वाट हाय म्हणायची," म्हणाली आणि त्या दिवशी मला दूध घालून चहा मिळाला. शुगर असताना साखरसुद्धा घातली.

बाळ्या, मला मुलगा नको. मला मामी आठवते. तू होतास, तुला पुढचं माहीत आहे. विसर्जन करून सगळे झोपलेले, पहाटे चारच्या आत भूकंप आणि मातीचं माळवद खाली. मामीचं ऑपरेशन झालेलं होतं, दोन्ही पोरं गेली. मग नळ्या जोडायला कुठं कुठं फिरली. जोडल्या, पण राहिलं नाही. ९३ पासून ती कुणाच्या बारशाला जात नाही.

हे हिला कसं सांगू? सांगायचं म्हणजे 'आपल्या पोरी गेल्या तर' असं तोंडानं म्हणावं लागतं. मला ते होत नाही. मोठी आठ वर्षांची, धाकटी तीन, दोघी पलीकडं भांडतायत आणि मी हे लिहितोय. कायद्यानं ठेवायची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. तेव्हा धाकटी तेराची. त्यापुढं भूकंप होत नाहीत असं २०२१ च्या कायद्याचं मत दिसतंय.

आणि पोरींच्या जागी दुसरं मूल येतं का, हा प्रश्न मलाही पडतो. मामीला विचारायची हिंमत नाही. तरी ठेवावंसं वाटतं. तू म्हणशील, भित्रा. लातूरच्या खोलीवर पत्र्यावर मांजर उडालं तर बाहेर कोण पळायचं? तूच. पांघरुणासकट. माझं पांघरूण होतं ते, अजून दिलं नाहीस.

फॉर्म घरी आणलाय. मी मेलो तर त्या कुप्यांचं काय करायचं, असा रकाना आहे. हिचीही सही लागते. ती म्हणते, कारण सांग मग करते.

तुझ्या चाकणच्या नोकरीचं काय झालं? कायम केलं का? वहिनीला नमस्कार, पोराला दहावीचा ताण देऊ नकोस. तुझ्या घराचा हप्ता आठवला की मला माझा बरा वाटतो.

मला एवढंच कर. हिला तू सांग. मामीचं, तिच्या नळ्यांचं, सगळं. तुझ्या तोंडून ते झालेलं म्हणून ऐकेल, माझ्या तोंडून होणारं वाटेल. मंगळवारी लातूरला जायचंय, त्याआधी फोन कर. तिच्याच नंबरवर, दुपारी. घरच्या फोनवर नको, तो आई उचलते.

तुझा,
सुन्या