खुडूक कोंबडीच्या नाकात पीस कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा चढू लागला की इंदुरात ज्यांच्या परसात चार-सहा देशी कोंबड्या आहेत, त्यांच्याकडे एखादी तरी खुडूक बसतेच, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने घरट्यातून हलेनाशी होते. मग तिची खुडूक मोडायचे शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात : बादलीत बुचकळा, नाकपुडीत पीस ओवा, दोन दिवस उपाशी कोंडा. हे प्रकार थांबावेत म्हणून हे पत्र. पीस ओवल्याने श्वास अडतो, जखम चिघळते. मे महिन्यात पाण्यावाचून कोंडलेली कोंबडी तर संध्याकाळपर्यंत दगावू शकते. बुचकळल्याने पोट गार पडते खरे, पण पिसे वाळली की बाई परत घरट्यात!

खुडूक होणे हा आजार नव्हे. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडी बंद होतात, पोटाखालची पिसे जाऊन कातडी उघडी पडते. अंधारे घरटे आणि पोटाखालची ऊब मिळत राहिली की हे संप्रेरक चढेच राहते. तेव्हा तोडायची ती ऊब.

आधी खात्री करावी. दुपारी घरट्यात दिसली तर ती अंडे घालायलाही बसलेली असेल. रात्री पाहावे. बाकीच्या दांडीवर आणि ही घरट्यातच, हात घातला की पिसे फुलवून गुरगुरते, तर ती खुडूक. दिवसातून एखाद्या वेळी उठते तेव्हा भली मोठी, नाक धरायला लावणारी शीट टाकते, तीही खूणच.

पिल्ले नको असतील तर त्याच रात्री हालचाल करावी. जितके दिवस बसू द्याल तितकी ती हट्टी होते. दोन फूट लांब-रुंद पिंजरा घ्यावा, तळाला अर्धा ते एक इंची जाळी, आणि तो विटांवर असा उचलून ठेवावा की खालून वारा खेळेल. आत गवत, पोते, भुसा काहीही नको. दाणा आणि पाणी मात्र सतत हवे. जागा उजेडाची पण सावलीची, इतर कोंबड्या दिसतील अशी. पत्र्याखाली ठेवाल तर दुपारी भाजून निघेल. तीन दिवसांनी सोडून पाहावे. सरळ घरट्याकडे पळाली तर आणखी दोन दिवस आत. रात्री दांडीवर चढली तर काम झाले. अंडी सुरू व्हायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात. बहुतेकांचे चुकते ते इथे : कोंबडी पिंजऱ्यात, पण घरट्यात अंडी तशीच. रोज दोनदा अंडी उचलली नाहीत तर दुसरी कोंबडी बसते.

कोंबडा पाळलेला असेल आणि पिल्ले हवी असतील तर गोष्ट वेगळी. झाबुआच्या ज्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या माद्या सहसा नीट बसत नाहीत. त्यांची अंडी देशी खुडूकीखालीच उबवून घेतात. रात्री तिला वेगळ्या, शांत कोपऱ्यातल्या टोपलीत हलवावे आणि दहा-बारा अंडी एकाच वेळी द्यावीत. रोज एकेक वाढवत गेलात तर पहिली पिल्ले निघताच ती उठते आणि उरलेली अंडी गार पडतात. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मध्येच घातलेले अंडे ओळखून काढता येते. हिवाळ्यात आठवडाभराची अंडी चालतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी नकोत, कारण उकाड्यात गर्भ अर्धवट वाढून मरतो. सातव्या-आठव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर धरले की लाल शिरांचे जाळे दिसते. जे अंडे स्वच्छ दिसेल ते काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर हात लावू नये. एकविसाव्या दिवशी पिल्ले.

आपल्याकडच्या कोरड्या चैत्र-वैशाखात कवचाच्या आतला पापुद्रा वाळतो आणि पिल्लू चोच मारूनही आतच अडकते. टोपलीखाली ओली वाळू ठेवली की हे पुष्कळ टळते. बसलेली कोंबडी धुळीत लोळत नाही, म्हणून उवा होतात. राख आणि वाळूचे घमेले जवळ असावे. पिल्लांचे पाणी उथळ बशीत, त्यात खडे टाकून, नाहीतर ती बुडतात.

पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस डोळ्यात एकेक थेंब द्यावी. लहानात लहान कुपीतही दहा-बारा पिल्लांना पुरून कितीतरी उरते, आणि कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या दोन-तीन घरांनी एकाच सुमारास रवणावर (अंडी उबवायला) कोंबड्या बसवाव्यात आणि कुपी मिळून, बर्फात ठेवून आणावी.

आपला,
एक कुक्कुटपालक
लोकमान्यनगर, इंदूर