नागपंचमीचे फ्राइज

सातारा,
नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय मंगल,

राखीच्या आधी सविस्तर पत्र टाकते म्हणाले होते खरी, पण ती राखी मागच्या वर्षीची. मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. फोनवर हे बोलता येत नाही, कारण निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर घरात, आणि कान भिंतीपलीकडचंही ऐकणारे. माझी शुगर आटोक्यात आहे, गुडघा होता तसाच आहे, सासूबाई ठणठणीत. झालं तब्येतीचं.

आता ऐक. आमच्या यांना लोडेड फ्राइजचा, म्हणजे वर चीज-बिज घातलेल्या तळलेल्या बटाट्याच्या कांड्यांचा, धंदा काढायचाय. हसलीस ना? मीही हसले होते, मे महिन्यात.

मे महिन्यात भाचरं आली होती. त्यांनी मोबाइलवरून मागवले, 180 रुपयांचा एक डबा. झाकण उघडलं तर वाफेनं सगळे फ्राइज मऊ पडलेले, वर चीजचा थर थिजलेला. पोरांनी तेही बोटं चाटून संपवलं. यांनी मात्र त्यातला एक उचलला, टोकाला धरून उभा केला आणि बघत बसले. तो हळूहळू वाकला. "रिजेक्ट," म्हणाले. उभा जन्म इन्स्पेक्शनला काढलेला माणूस, त्याच्या हातात मऊ फ्राय द्यायलाच नको होता.

दुसऱ्या दिवशी कपाटातून जाडी मोजायचा व्हर्निअर निघाला. खरंच सांगते, बटाट्याला व्हर्निअर. 9 मिलिमीटर. त्याहून जाड निघाला तर आत कच्चा राहतो, बारीक निघाला तर नुसती काडी होते, असं त्यांचं शास्त्र. मापात न बसलेले तुकडे वेगळ्या ताटलीत, आणि ती ताटली माझ्याकडे. अख्खा जून आम्ही बटाट्याच्या काचऱ्या खाल्ल्या. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, याला परत कंपनीत घेत नाहीत का?"

पण मंगल, माणूस वाया गेलेला नाही, हीच तर अडचण आहे. चिरलेले तुकडे पाण्यात खळबळून वरचं पिठूळ पाणी काढून टाकतात. मग उकळत्या पाण्यात लिटरला चमचाभर व्हिनेगर घालून थोडा वेळ शिजवतात. बटाटा शिजला तरी आंबटपणामुळे कडा सुटत नाहीत. मी नुसत्या पाण्यात करून पाहिलं तर त्याची भाजी झाली. मग पंचावर पसरून खडखडीत कोरडे करायचे, 160 अंशाच्या तेलात पांढरेच राहतील असे काढायचे, गार करून फ्रीझरमध्ये टाकायचे, आणि खायच्या वेळी 190 ला दुसरं तळण. पाण्याचा बर्फ होताना बटाट्याच्या आतल्या पेशी फुटतात, मग दुसऱ्या तळणीत वाफ भराभर बाहेर पडते आणि आतला गर हलका होतो, हे मला रात्री अकराला झोपेतून उठवून सांगितलेलं आहे. माझ्या श्रीखंडाच्या डब्याला फ्रीझरमध्ये जागा नाही.

परवा तर कहरच. संध्याकाळी सगळं चिरून, अर्धं तळून फ्रीझरमध्ये ठेवलं आणि काल सकाळी कढई काढली. सासूबाई दिंडं वाफवत होत्या. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, हे या घरात जन्मलेल्या माणसाला मी सांगायचं? हे म्हणतात, "चिरलंय काल, आज फक्त तळतोय." सासूबाईंनी कढईच उचलून देवघरात नेऊन ठेवली. मग साहेब रात्री बारा वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत बसले आणि बारा वाजून एक मिनिटानं गॅस पेटवला. सासूबाईही जाग्याच होत्या, ताटली घेऊन.

आणि काल रात्रीचे ते फ्राइज जमले गं. दातांखाली आवाज आला.

सॉसची गोष्ट वेगळीच. यांनी आधी महागाचं चेडार आणलं. दुधात घातलं तर तेल वर आणि रवा खाली. मी म्हटलं, अमूलची वडी किसा मुकाट्यानं. प्रोसेस्ड चीजमध्ये ते फुटू नये म्हणून लागणारे क्षार मुळातच घातलेले असतात. लोण्यावर चमचाभर मैदा परतला, दूध ओतलं, गॅस बारीक करून चीज घातलं आणि उकळी येऊ दिली नाही. मऊ, चकचकीत, चमच्यावरून सावकाश ओघळणारं. पेरीपेरी मसाल्याचं पाकीट मी उघडूच दिलं नाही. पोर्तुगीजांनी मिरची मोझांबिकला नेली तिची पेरीपेरी झाली, आपल्याकडे आणली तिचा कांदा-लसूण मसाला झाला, मग घरची बरणी सोडून पाकीट कशाला? मसाला मेयोनीजमध्ये कालवला, थोडा वरून भुरभुरला. त्यावर रात्रीची घट्ट मटकीची उसळ, पाणी अजिबात नाही, कांदा, कोथिंबीर. आणि सॉस सगळ्यात शेवटी, खायच्या क्षणी. आधी ओतला की संपलं. पार्सल द्यायचं तर सॉस वेगळ्या वाटीत आणि डब्याला भोकं, हे मी म्हटलं.

मी म्हटलं. इथेच घोटाळा झाला.

बटाट्यावरून वाद चालला होता. सध्या बाजारात येतो तो सगळा शीतगृहातला. भाजीचा बटाटा 2 ते 4 अंशाला ठेवतात, त्या थंडीत त्याच्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून तळला की बाहेरून काळपट आणि आतून तसाच. फ्राइजवाले आपला माल 10-12 अंशाला ठेवतात. कालचा बटाटा चांगला निघाला तो यांनी पोतं घरात आणून कॉटखाली दोन-तीन आठवडे ठेवलं म्हणून, तेवढ्यात साखर उतरते. पुढे पुसेगावचा नवा बटाटा आला की प्रश्नच नाही, असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, पावसाळी बटाटा पाणचट असतो, तो तेल पितो. शिवाय रोज सोलणार कोण, मापणार कोण? सरळ अडीच किलोचं फ्रोझन पाकीट आणायचं. कारखान्यात सगळं झालेलं असतं, उकडणं, रंग सारखा यावा म्हणून साखरेच्या पाण्यातून काढणं, अर्धं तळणं. बारा महिने एकच रंग, एकच चव. धंद्याला तेच बरं, चव आपली सॉसमध्ये आणि उसळीत ठेवायची.

हे खायचे थांबले. म्हणाले, "म्हणजे तू तयार आहेस."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे झोपले आणि मी कॅलेंडरचं मागचं पान काढून बसले. किलो बटाटे सोलून कापून पाऊण किलोच्या आसपास, तळून अर्धा किलोच्याही खाली. म्हणजे किलोत तीन प्लेटी. बटाटा दहा रुपये, चीज पंधरा, तेल, उसळ, डबा, गॅस. तेल तर रोज बदलायचं मनात धरूनच चालायचं. हॉटेलवाल्यांना 2018 पासून नियमच आहे, तळणीच्या तेलात ते पुन्हापुन्हा तापून बनणारी पोलर कंपाउंड 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. हे सगळं घालूनही 99 रुपयांच्या प्लेटीत पैसे सुटतात मंगल. गाळ्याचं भाडं धरूनही सुटतात. भाच्याचा तो वाय.सी. कॉलेजकडचा गाळा रिकामाच आहे.

तुला कळतंय ना मी काय म्हणतेय? यांचा उत्साह मला माहीत आहे, कोथिंबीर गच्चीत लावायचाही होता, बोन्सायचाही होता. तो उतरतो. माझा उतरत नाही. आपल्या जेवणाच्या डब्यांच्या धंद्याच्या वेळी तू रात्री नऊला घरी जायचीस आणि मी पीठ मोजत बसायचे. साठ डबे झाले तेव्हा तू म्हणालीस आता बास, आणि मी शंभराचं गणित मांडलं होतं. सोन्याची सहामाहीची प्रगतिपुस्तकं मी त्या वर्षी पाहिलीच नाहीत, सह्या सासूबाईंनी केल्या. तुझ्या बदलीनं धंदा बंद झाला असं मी सगळ्यांना सांगते, तूही सांगतेस, ते आपलं ठरलेलंच आहे. (पोळी मात्र तूच लहान केली होतीस. खरातकाकूंनी फूटपट्टीनं मोजून दाखवली होती, अजून कबूल करत नाहीस.) आणि आता वय काय, गुडघा काय, फंडाचे पैसे काय. सोन्या पुण्याहून म्हणतो, "बाबा, फ्रँचायझी घ्या, डोक्याला ताप नाही." फ्रँचायझीवाले काय आपल्या उसळीला हात लावू देणार आहेत? बघ, हे मी लिहून गेले. असं होतंय.

यांना नाही म्हणायला मला एक मिनिट लागणार नाही. एका वाक्यात जिरेल. पण काल बारानंतर गॅसपुढे उभे होते ना, तेव्हा कंपनी सुटल्यापासून पहिल्यांदा यांनी माझ्याशी भांडण केलं, मुद्द्याला मुद्दा देत, आवाज चढवून. एरवी तीन महिने "तू म्हणशील तसं" चाललंय, ते ऐकून मला जास्त धसका बसला होता.

तुझं काय? जावयाच्या व्हिसाचं झालं का? नव्या घराच्या ओट्याचे फोटो पाठवलेस ते पाहिले, काळा ग्रॅनाइट घेऊ नको म्हणाले होते, डाग दिसतात. रेखाचं ऐकून वाईट वाटलं, तिला मी वेगळं लिहिते. पाठीला तेल लाव आणि योगाच्या बाईंचं फार ऐकू नकोस.

तू एक कर. मनापासून सांग, पण लगेच नाही म्हणू नकोस, चार दिवस घे. आणि तोवर तुझ्या धाकट्या दिरांना विचारून ठेव, त्यांचे ट्रक गुजरातेत डीसाला जातात ना? तिकडे बनासकांठ्यात फ्राइजसाठी मुद्दाम लावतात तो लांबट बटाटा, 10-12 अंशाच्या शीतगृहातला, 50 किलोचं एक पोतं साताऱ्यापर्यंत काय भावानं पडेल? पाकिटाशी ताडून बघायचंय. मी विचारलं हे यांच्यापर्यंत जाता कामा नये. ते पुसेगाववर अडून बसलेत, बसू देत.

तुझी,
सुनी