कोपरीच्या काकांना, लॉगबुकासकट नमस्कार

काका,

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषयच उडवता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

हेलिकॉप्टरचं कमर्शियल लायसन्स हातात आलं तेव्हा आईने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. पुढचे सात महिने गेटवर भेटेल तो विचारायचा, "काय, लागली का नोकरी?" नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यावर तर बघायलाच नको. आमचं, म्हणजे हेलिकॉप्टरवाल्यांचं, पोट जुहूच्या विमानतळावर आहे, हे किती जणांना समजावणार!

आणि जुहूवर तरी काय? माझ्याकडे उड्डाणाचे जेमतेम दीडशे तास, रांगेत पुढे फौजेतून निवृत्त झालेले हजारो तासवाले. तास नाहीत म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून तास नाहीत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. एका ऑफिसात महिन्याने गेले, तर माझा बायोडेटा तिथल्याच ट्रेमध्ये, वर चहाच्या कपाचा गोल डाग.

तुम्ही हँगरमध्ये उभा जन्म काढलात. खरं सांगते, वाटलं होतं एक फोन फिरवाल. तुम्ही मागितलंत लॉगबुक, माझ्या उड्डाणाच्या तासांची नोंदवही. डायनिंग टेबलावर फूटपट्टी, पेन्सिल आणि तुमचा तो दोरीवाला चष्मा. लॉगबुक ठीक निघालं. बायोडेटाला जोडलेला माझा एक्सेलचा तक्ता नाही. १ तास ४० मिनिटं अधिक ३५ मिनिटं, मी टाकलेलं १.४० अधिक ०.३५, उत्तर १.७५. "पोरी, तासाला शंभर मिनिटं कुठल्या गावात असतात?" काकी मेथी निवडता निवडता हसत होत्या. मला रडू फुटायचं बाकी होतं. हा तक्ता मी किती ठिकाणी पाठवला होता!

दुसरं सांगितलंत ते मला अजिबात आवडलं नव्हतं: पायलटची मेडिकल तपासणी चुकवू नकोस आणि मिळेल ते ऑपरेशन्सचं टेबल धर. पायलट होऊन माणसं आणि बॅगा वजनकाट्यावर चढवायच्या? चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण मुंबई हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, जाणाऱ्यांच्या लोडशीट (वजनाचे तक्ते) करता करता कळलं, मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ होते, लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, कमी मिळते आणि एखादी सीट रिकामी सोडावी लागते. पुस्तकात होतंच की. पण खाली राहिलेल्या माणसाची चिडचिड ऐकल्यावर पक्कं बसलं. इंटरव्ह्यूत कॅप्टननी नेमकं हेच विचारलं.

गेल्या आठवड्यात को-पायलट म्हणून पहिली ओळ लिहिली. बेरीज अजून पेन्सिलीतच आहे. रविवारी घेऊन येते, तपासून द्या. मामलेदारची मिसळ माझ्याकडून, तुमची मात्र कमी तिखट. काकींनी बजावलंय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची