कुत्र्याची बाबागाडी चोचले नाहीत, पण चाकं बघून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात या सदरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की शिवाजी पार्कला हल्ली लोक कुत्र्यांना बाबागाडीत बसवून फिरवतात, माणसांना धड चालायला जागा नाही आणि हे कसले चोचले. नाव कुणाचं नव्हतं तरी ते आमच्याबद्दलच असावं अशी मला दाट शंका आहे, कारण कट्ट्याच्या त्या बाजूला संध्याकाळी लाल गाडी आणि तिच्यात एक कान पडलेला काळा गावठी कुत्रा एवढं एकच प्रकरण असतं, ते आमचं. म्हणून हे पत्र. भांडायला नाही हं, कारण दोन वर्षांपूर्वी मी पण हेच म्हटलं असतं, जरा मोठ्यानेच म्हटलं असतं.

आमचा बंडू आता १३ वर्षांचा आहे. पावसात बिल्डिंगच्या जिन्याखाली सापडला तेव्हा मुठीएवढा होता, आता १६ किलो. मागच्या दोन्ही पायांत संधिवात. डॉक्टर म्हणाले चालणं बंद करू नका नाहीतर मांड्यांत उरलीसुरली ताकद पण जाईल, पण दमवू पण नका. आता हे जमवायचं कसं? घरापासून पार्क आठ मिनिटांवर, बंडूचं पेट्रोल चौथ्या मिनिटाला संपतं, मग तो फुटपाथवर बसकण मारतो आणि आपण "चल ना रे बाळा" करत लोकांच्या वाटेत उभे. १६ किलो उचलून आणायचे तर माझं वय ६३ आणि कंबर त्याहून जुनी. त्यात महिन्यातून एकदा परळला बैलघोडा हॉस्पिटलला, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं, तिथे आवार केवढं मोठं आहे ते गेलेल्यांना माहितीये, बाजूचं व्हेटरनरी कॉलेजच १८८६ सालचं आहे, त्या काळी जागेची कमी नव्हती. टॅक्सी गेटपर्यंत सोडते, पुढे काय?

तर भाचीने मोबाइलवर दाखवलं की कुत्र्यांच्या पण गाड्या मिळतात. किमती बघितल्या तर चार हजारांपासून वीस-बावीस हजारांपर्यंत, आणि सगळ्यांच्या फोटोत तेच, हिरवंगार गवत, गुळगुळीत रस्ता आणि आत एक चिवावा. मी अर्थातच सगळ्यात स्वस्त घेतली, ४२०० ची. आणि इथेच माझं चुकलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्या गाडीला चार बाजूंना छोटी छोटी प्लॅस्टिकची चाकं होती, जेमतेम चार-पाच इंचांची. हॉलमधल्या लादीवर अशी पळाली की मी खूश. खाली उतरवली, गेटबाहेर पेव्हर ब्लॉकवर आली आणि दोन ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक आडवं होऊन अडकलं, गाडी जागच्या जागी थांबली, बंडू नाकावर आपटला. मग चेंबरचं झाकण आलं, ते फुटपाथपेक्षा दोन बोटं वर, तिथे पुन्हा तेच. पार्कात पोचेपर्यंत मी ती गाडी ढकलत कमी आणि उचलत जास्त होते. आणि कहर म्हणजे नंतर चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली तर क्षमता १५ किलो. बंडू १६. परत करायची मुदत १० दिवस होती आणि मी तो खोका दोन आठवडे उघडलाच नव्हता, तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

त्यामुळे मुंबईत कुणी ही गाडी घेणार असेल तर माझं पहिलं सांगणं, रंग बघू नका, कप ठेवायचा खाच बघू नका (हो, मालकाच्या चहासाठी खाच असते), चाकं बघा. मागची चाकं निदान दहा-बारा इंचांची हवीत. हवा भरायची ट्यूबवाली असली तर खड्ड्यात धक्के कमी बसतात, आणि पंक्चर झाली तर घाबरायचं काही नाही, बारा इंचाच्या ट्यूबा लहान मुलांच्या सायकलींना पण लागतात, कोपऱ्यावरचा सायकलवाला बदलून देतो, आमच्याने "हे काय आणलंय आजी" म्हणून हसत हसत बदलली. हवा-पंक्चरची कटकट नको असेल तर चपलेच्या सोलसारख्या भरीव फोमची चाकं येतात, ती पण चालतात, फक्त थोडी कडक. कडक प्लॅस्टिकचं चाक मात्र कंपाउंडच्या आतच, बाहेर नको.

तीन चाकं की चार, यावर माझ्या भाचीचं आणि माझं अजून एकमत नाही. तीन चाकी गाडीचं हँडल नुसतं खाली दाबलं की पुढचं चाक वर येतं आणि फुटपाथची कड चढता येते, हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ती म्हणते कुत्रा एका बाजूला वाकला की तीन चाकी कलंडते, ते पण खरंय, पण मागची दोन चाकं रुंद अंतरावर असली आणि कुत्रा फार नाचरा नसला तर नाही कलंडत. बंडू आता कुठला नाचतोय.

वजनाचं म्हणाल तर आकडा वाचताना दोन वजनं बघायची. एक म्हणजे गाडी किती पेलते, तिथे कुत्र्याच्या वजनापेक्षा चार-पाच किलो वर धरायचे, कारण पाण्याची बाटली, टॉवेल, औषधं हे सगळं पण तिच्यातच जातं. आणि दुसरं, गाडी स्वतः किती जड, याकडे कुणी बघतच नाही. आमच्या लिफ्टला आधी तीन पायऱ्या चढाव्या लागतात, तुमच्याकडे पण असतील, जुन्या बिल्डिंगांत असतातच. लिफ्टचा जाळीचा दरवाजा मोजा, आमचा २४ इंच भरला. कुत्र्याला पण मोजायचं, उभा असताना नाही, पाय पसरून झोपला की मग नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, आणि ते माप गाडीच्या आतल्या जागेला लावायचं. ऑनलाइन बरेचदा बाहेरून बाहेरचं माप देतात, त्यात आत सहा-सात इंच कमी निघतात, आणि म्हातारं कुत्रं कुशीवर पसरल्याशिवाय झोपत नाही.

घडी करून गाडी किती लहान होते हे टॅक्सीसाठी बघायचं. आपल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या डिकीत निम्म्याहून जास्त सीएनजीचा सिलेंडर असतो हे गाडी विकणाऱ्याला कुठून माहीत असणार! माझी डिकीत जात नाही, पुढच्या सीटवर उभी करते, ड्रायव्हर कुरकुरतो, मग बंडूला बघतो आणि गप्प होतो. चाकं पटकन निघणारी असतील तर हा प्रश्न बराच सुटतो.

आत एक छोटा पट्टा आणि हूक असतो, तो अडकवायचाच. पण गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला. गळ्याला बांधला आणि कुत्र्याने बाहेर उडी मारली तर फास बसेल. हूक नसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. ब्रेक दुकानातच लावून बघा, दोन्ही मागच्या चाकांना लागतोय ना ते, नाहीतर टिळक ब्रिजच्या उतारावर कळेल.

आता उन्हाबद्दल. लोकांना वाटतं गाडीत बसवला म्हणजे कुत्रा सावलीत, काम झालं. डांबर तापलेलं असताना पंजे भाजत नाहीत हे खरं, हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा, टेकवता येत नसेल तर कुत्र्याला पण चालवू नका. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकूनच गार होतो, आणि त्यासाठी त्याला वारा लागतो. गडद रंगाच्या कापडाचा बंद डबा आणि एकीकडेच जाळी असली की मेमध्ये त्याची भट्टीच होते. जाळी समोरून आणि मागून दोन्हीकडे हवी, म्हणजे आरपार हवा खेळते. पग किंवा शित्झूसारखी चपट्या नाकाची कुत्री असतील तर त्यांना धापा टाकणं पण नीट जमत नाही, त्यांना दुपारी घरीच ठेवा, गाडी असो की नसो. आम्ही सकाळी सातच्या आधी नाहीतर संध्याकाळी साडेसहानंतरच.

पावसात गाडीचा खरा फायदा मला दिसला. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप होतो, माणसांना पण आणि कुत्र्यांना पण, २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत केवढी साथ आली होती ते आठवतंय ना. बंडूच्या पंज्यांना भेगा आहेत, त्याला त्या पाण्यात उतरवायचा नाही म्हणजे नाही. वर्षाची लस असतेच, पण तरी. फक्त ते पारदर्शक रेनकव्हर पूर्ण बंद करू नका, आत गुदमरायला होतं.

पहिल्या दिवशी कुत्रा बसेलच असं नाही. बंडू तीन दिवस गाडीकडे बघून भुंकला. मी ती ब्रेक लावून हॉलमध्ये उघडी ठेवली, आत त्याची जुनी चादर टाकली, जेवण तिथेच द्यायला लागले, चौथ्या दिवशी साहेब स्वतः चढून झोपले. मग हॉलमध्ये दोन फेऱ्या, मग पॅसेज, मग खाली. आता आम्ही आधी चार मिनिटं चालतो, मग तो गाडीत बसतो, पार्कात पुन्हा उतरतो. तो चालतोच आहे, त्या वाचकांच्या माहितीसाठी सांगितलं.

जी लाल गाडी आता आहे ती सेकंडहँड, मुलुंडच्या एका बाईंकडून ५५०० ला घेतली, ३० किलो पेलणारी, नवी बहुतेक पंधरा हजारांच्या आसपास गेली असती. त्यांचा लॅब्रेडोर कुत्रा गेला होता, गाडी देताना त्या रडल्या, मी पण रडले, भाव करायचा राहूनच गेला. सेकंडहँड घेताना चाक उचलून फिरवून बघा, डगमगतं का, घडीचं लॉक खट् करून बसतं का, चेन नीट लागते का. आणि शिवणी बघा, कापडाच्या शिवणींत गोचिडी लपतात, घरी आणल्यावर गरम पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकल्याशिवाय कुत्र्याला बसवू नका. बऱ्याच जणी विचारतात की बाळाची जुनी गाडी चालणार नाही का. लहान कुत्र्याला चालते, पण तिची बैठक तिरकी असते आणि बाजू उघड्या, सुताराकडून मापाने प्लायवूड कापून सपाट करून घ्यावी लागते, आणि पट्ट्याची सोय आपणच करायची. पाच-सहा किलोचं कुत्रं असेल तर गाडी कशाला, खांद्याला अडकवायची झोळी हजारभरात मिळते.

राहिलं फुटपाथचं. त्या वाचकांचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटलं, की चालायला जागा नाही. पण ती बंडूने खाल्लेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेस (रस्ते कसे बांधायचे याची मानकं ठरवणारी संस्था) हिच्या २०१२ च्या गाइडलाइनमध्ये फुटपाथवर चालायला मोकळी रुंदी निदान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असं दिलं होतं, म्हणजे साधारण सहा इंच. मी टेप घेऊन आमच्या गल्लीतली कड मोजली, साडेदहा इंच. शिवाय बाइक चढू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब लावलेत ते इतके जवळ की माझी २२ इंचांची गाडी तिरकी करून काढावी लागते, व्हीलचेअर तर निघूच शकत नाही. समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा व्हीलचेअरवर आहेत, त्यांचा मुलगा त्यांना सरळ रस्त्यावरून, बसच्या बाजूने ढकलत नेतो, हे मी इतकी वर्षं बघत होते आणि बंडूची गाडी अडकेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय, फोटो आणि मापं जोडून. त्या वाचकांनी पण एक द्यावा, दोन अर्ज झाले तर बरं दिसेल.

आणि हो, ती ४२०० ची पहिली गाडी अजून माळ्यावरच आहे. दहा किलोपर्यंतचं कुत्रं किंवा मांजर असेल आणि फिरवायला गुळगुळीत गच्ची नाहीतर कंपाउंड असेल तर फुकट देईन, कट्ट्यावर लाल गाडी दिसली की विचारा. पुढचं डावं चाक डगमगतं, ते आधीच सांगून ठेवते.

आपली,
बंडूची आई, दादर (प.)