विसार देण्याआधी एक खड्डा

पुणे, रविवार दुपार

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

घर आणि अंजिराची बाग करायला तू पुरंदरात जे साठ गुंठे घेऊ म्हणतेस, त्यांच्याबद्दल काल फोनवर सांगताना तू इतकी आनंदात होतीस की मध्ये बोलवेना. "आई, नकाशात चक्क काळी जमीन दाखवतेय, माती परीक्षणाचा अहवाल आहे, सातबारा कोरा आहे, आता बघायचं काय राहिलं?" मी "बरं, बघते" म्हणून फोन ठेवला. बाबा हसले. म्हणाले, एकोणतीस वर्षं मातीच्या प्रयोगशाळेत काढलेली बाई मुलीला नुसतं "बरं" म्हणते! म्हणून हे पत्र. फोनवर सांगत बसले तर तू "हो गं" करत तिसऱ्याच विषयावर जाशील, शिवाय बंगळूरला तुझ्या मीटिंगा काही संपत नाहीत.

तुझे तिन्ही कागद कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले.

आधी तो रंगीत नकाशा. तुला त्यातला गडद तपकिरी रंग दिसला. मला खालच्या कोपऱ्यातलं १:२,५०,००० दिसलं. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६ साली सुरू झाला, त्याने राज्याराज्यांच्या मातीचं काम याच प्रमाणावर केलं. काम चोख आहे, पण ते तालुका-जिल्ह्याचं नियोजन करणाऱ्यांसाठी. तुझे साठ गुंठे त्या नकाशावर एका चौरस मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग भरतात. मी खरंच मोहरीचा एक दाणा ठेवून पाहिला. त्याखाली तुझ्यासारखे वीस-पंचवीस तुकडे सहज झाकले गेले. फोनवर दोन बोटांनी नकाशा मोठा केला की रंग मोठा होतो, माहिती तेवढीच राहते.

नकाशाची सूची मात्र तू वाचलीच नाहीस, हे मी पैजेवर सांगते. त्या रंगासमोर लिहिलंय: मध्यम खोल, चिकण, चुनखडीयुक्त, सौम्य उतारावरची जमीन, मध्यम धूप. इथे तू थांबलीस. पुढे स्वल्पविरामानंतर आहे: सोबत अतिशय उथळ, मुरमाड जमीन. त्या "सोबत"मध्ये सगळी गंमत आहे. एवढ्या लहान प्रमाणावर प्रत्येक मातीची वेगळी रेघ काढता येत नाही, म्हणून शेजारी-शेजारी नांदणाऱ्या दोन माती एकाच रंगात बसवतात. तुझा तुकडा पहिलीत की दुसरीत, हे नकाशा सांगत नाही. त्याला ते विचारलेलंच नव्हतं.

मग मी गावनकाशात तुझा गट शोधला. महाभूनकाशावर सहज सापडतो. गट चांगला लांबुळका आहे, वरून माळाला टेकलेला आणि खाली ओढ्याला. आपल्या पुरंदरच्या बाजूला असा पट्टा दिसला की मला न जाताच माती दिसायला लागते. आपला खडक सगळा एकच, बेसाल्ट. पण पाऊस माळावरची माती धुऊन खाली नेतो. वर बरड राहतं, वीतभर मातीखाली मुरूम. मधल्या टप्प्यावर तांबूस काळी, कमरेएवढी. ओढ्याकाठी काळीभोर, पुरुषभर खोल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी. दोनशे पावलांत तीन जमिनी, आणि एजंटने तुला भाव सांगितला तो ओढ्याकाठच्या काळीचा. वरचा भाग "फुकटातच समजा मॅडम" म्हणाला ना? त्यावर मी पुढे येते.

सातबाऱ्यावर तू फक्त इतर हक्काचा रकाना पाहिलास, तो कोरा आहे, चांगलं. पण पोटखराबा ०.१४ आहे तो? म्हणजे चौदा आर जमीन लागवडीला नालायक, खडक नाहीतर ओहोळ, असं सरकारने कधीच ठरवून टाकलंय. ती गटात नेमकी कुठे आहे हे सातबारा सांगत नाही. सगळा गट दोन हेक्टर दहा आर, त्यातले तुला साठ गुंठे. खराबा कोणाच्या वाट्याला येतो ते विसारपावतीत लिहिलेलं हवं. भूमी अभिलेख कार्यालयातून जुनं टिपण आणि गुणाकार बुकाची नक्कल काढ. कागद पिवळा आणि मोडी-मराठी मिसळलेला मिळाला तर माझ्याकडे पाठव.

तुला आणखी एक गोष्ट सांगते, आमच्या साहेबांची आवडती. आपल्याकडची जमीन मोजणी आणि आकारणीची पद्धत बसली ती १८३०च्या दशकात, सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातून. त्यांची माणसं शेतात जाऊन मातीचा रंग बघत आणि ती किती खोल आहे ते हातात मोजत. मग खडे, वाळू, उतार, ओल असे दोष निघाले की प्रत खाली उतरवत. उत्तम जमीन सोळा आणे. ते सगळं सारा वसूल करायला होतं, शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे. पण त्यांनी पहिला प्रश्न खोलीचा विचारला, आणि तुझ्या तुकड्याची नेमकी खोली तिन्ही कागदांत कुठेच नाही.

आता तुझा माती परीक्षणाचा अहवाल, म्हणजे सरकारी मृदा आरोग्यपत्रिका. ही तर माझ्याच पोटची. २०१५ च्या फेब्रुवारीत योजना आली तेव्हा आमच्या टेबलावर पिशव्यांचे ढीग लागले होते. पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू (म्हणजे pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. पण नमुना प्रत्येक शेतातून घ्यायचा नव्हता. बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीत एक, जिरायतीत दहा हेक्टरांत एक. म्हणजे सहा एकरांहून थोडं जास्त, नाहीतर जवळजवळ पंचवीस एकर, एवढ्यात एक पिशवी, आणि तोच निकाल त्या चौकटीतल्या सगळ्यांच्या नावावर. पत्रिकेवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात, ते कोणी बघत नाही. मी बाबांना फोनच्या नकाशात टाकायला सांगितले. बाण पडला ओढ्याच्या पलीकडे, कोणाच्या तरी उसाच्या फडात.

म्हणजे पत्रिका खोटी नाही. ती शेजाऱ्याची आहे.

तरी तिच्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सामू ८.२, लोह ३.१. साडेचारच्या खाली लोह कमी धरतात, म्हणून एजंट म्हणाला हिराकस, म्हणजे लोहाचं खत, टाका. अगं, बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोखंडाला काय तोटा? ते मातीत असतंच, पण चुनखडी जास्त असली की मुळांना घेता येत नाही. पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. वर नुसता हिराकस टाकला तर तोही त्याच चुन्यात अडकतो, शेणखतात मुरवून दिला तर काही उपयोग. तेव्हा त्या दोन आकड्यांचा खरा अर्थ: या शिवारात चुनखडी आहे, किती आहे ते तपासा. पत्रिकेच्या बारा आकड्यांत चुनखडी नाही. ती वेगळी सांगून तपासून घ्यावी लागते. तुझ्या अंजिराला तिचं वावडं नाही, मोसंबीची झाडं लावायची म्हणत होतीस त्यांना आहे. (नत्राचा आकडा तर फारसा मनावर घेऊच नकोस, बऱ्याचदा तो कर्बावरूनच काढलेला असतो. आता निवृत्त झालेय म्हणून सांगते.)

आणि नमुने काय काय येत! एकदा एक आजोबा पिशवी घेऊन आले, सेंद्रिय कर्ब निघाला दीड टक्का. आपल्याकडे अर्धा टक्का ओलांडला तरी आम्ही भुवया उंचावायचो. विचारलं, माती कुठून घेतली? म्हणाले, गोठ्यामागून, तिथली चांगली दिसली. दुसरा एकजण युरियाच्या रिकाम्या गोणीतून माती घेऊन आला होता. यंत्राला काय, जे दिलं ते मोजतं.

पण मला हसायचा हक्क नाही. आपलं हडपसरपलीकडचं जुनं घर तुला आठवतं? तुझ्या खोलीच्या खिडकीपासून तिरकी गेलेली भेग, तू तिला पाल म्हणायचीस. एप्रिलमध्ये तिच्यात रुपया उभा राहायचा, ऑगस्टमध्ये नख जायचं नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि उथळ पाया तिच्यासोबत वरखाली होतो. हे मी रोज लोकांना सांगत होते. घर घेताना बिल्डरने मातीचा अहवाल दाखवला होता, त्यात चार फुटांवर मुरूम. मी आकडे वाचले, मान डोलावली. बोअर आमच्या प्लॉटवर नव्हे, त्याच स्कीमच्या दुसऱ्या टोकाला घेतलं होतं, हे अहवालाच्या नकाशात स्पष्ट छापलेलं होतं. ते पान मी उलटलंच नाही. अकरा वर्षं व्हाइट सिमेंट भरत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

जुनी माणसं गावाला पांढरी म्हणायची आणि शेताला काळी. पांढरीत राहायचं, काळीत पेरायचं. आता तू एकाच तुकड्यात दोन्ही करू म्हणतेस, तर घराला आणि झाडाला एकच जमीन आवडत नाही, एवढं धरून चाल. घराला वरचं बरड उत्तम, मुरूम हाताशी, शोषखड्डाही चालेल. ओढ्याकाठी शोषखड्डा केलास तर पावसाळाभर तुंबेल. अंजिराला फार काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन नको. तांबूस काळी, चुनखडीची, निचऱ्याची, मीटरभर खोल हवी, म्हणजे मधला टप्पा. मग खालच्या काळीचं काय? ज्वारी, हरभरा पेर, सुखाने खा. पण ज्या भागाला एजंट सर्वांत जास्त भाव लावतोय तो तुझ्या दोन्ही कामांना सर्वांत कमी उपयोगाचा, आणि जो फुकटात देतोय त्यावर तुझं घर उभं राहणार. हे त्याला सांगू नकोस. भाव कर.

अर्थात हे सगळं मी टेबलावर बसून बोलतेय, आणि आत्ताच नकाशावरून बोलणाऱ्यांची टिंगल केली. म्हणून खड्डा. वर, मध्ये आणि खाली असे तीन खड्डे, तीन फूट लांब, रुंद, खोल. खणताना कुदळीचा आवाज बदलतो तिथे हात थांबवून मोजायचं. खड्ड्याची उन्हाकडची भिंत खुरप्याने साफ केली की थर दिसतात: काळी, मग पांढरे खडे मिसळलेली, मग मुरूम. प्रत्येक फुटातली अर्धा-अर्धा किलो माती वेगळ्या, नव्या प्लास्टिकच्या पिशवीत, आत चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली. पेनची शाई ओलीने पुसते. बांध, झाडाखाली, उकिरडा, विहिरीची कड सोडून. चुनखडीसाठी मी बाटलीत थोडं पातळ केलेलं ॲसिड घेईन, दोन थेंब टाकले की माती फसफसते. चहा उतू जावा तशी फसफसली तर समजायचं, चुनखडी भरपूर आहे. ते काम माझं, तू हात लावू नकोस, तुझा धसमुसळेपणा मला माहीत आहे.

एक सोपी युक्ती आणखी. शेजारच्या विहिरीत डोकावून बघायचं. बांधकाम न केलेली विहीर असेल तर तीस-चाळीस फुटांचा आयता उभा छेद मिळतो, माती कुठे संपली, मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक, कुठे लागला, काळा पाषाण कुठून. विहिरीच्या मालकाला पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं तेही विचारायचं. विकणाऱ्याला विचारू नये.

मी येत्या शनिवारी सकाळच्या बसने दिवे घाटातून सासवडला जातेय, बाबा सोबत आहेत. ते खणणार नाहीत, पण खणणाऱ्याशी गप्पा मारतील, त्यातून जास्त कळतं. गटाचा नंबर माझ्याकडे आहे, तुझ्या साठ गुंठ्यांच्या चतुःसीमा मात्र एजंटकडून लेखी मागवून शुक्रवारपर्यंत पाठव. तो "टोकन टाका, मग बघू" म्हणेल. तेव्हा म्हण, आई खड्डे खणायला येतेय, तिला आधी जागेवर भेटा. आणि एवढ्यावरच तो फोन उचलेनासा झाला तर तेही मला लगेच कळव, बसचे पैसे वाचतील.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई