पतसंस्थेचा धर्मादाय निधी पिग्मीवाल्याच्या दारापर्यंत पोचावा

संपादक महोदय,

सप्टेंबर उजाडला की गोव्यातील पतसंस्थांचे वार्षिक अहवाल सभासदांच्या हाती पडतात. त्यातल्या नफावाटणीच्या तक्त्यात खालच्या बाजूला ‘धर्मादाय निधी’, ‘कर्मचारी कल्याण निधी’ अशा एक-दोन ओळी असतात. लाभांश किती टक्के द्यायचा यावर सभेत तासभर खडाजंगी होते; या दोन ओळींवर कोणी हात वर करत नाही. हा पैसा संस्थेच्या माणसांना आणि ती ज्या वाड्यांवर चालते तिथल्या लोकांना अडचणीच्या वेळी, लेखी नियमाने आणि पंधरा दिवसांच्या आत मिळाला पाहिजे. आमच्या पाहण्यात तो एक तर स्मरणिकेच्या जाहिराती, क्रिकेट स्पर्धेचे चषक आणि जत्रेच्या कमानी यांत जातो, नाही तर वर्षानुवर्षे ताळेबंदात नुसता आकडा म्हणून पडून राहतो.

पतसंस्थेचा कणा म्हणजे पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, दारोदार फिरून गोळा करणारा माणूस. तो पगारावर नसतो, कमिशनवर असतो. समजा दर ३ टक्के आहे आणि बाजारातून रोज २० हजार रुपये गोळा होतात. दिवसाचे ६०० रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर १५,६०० रुपये. यातून दुचाकीचे पेट्रोल आणि मोबाइलचा खर्च त्याचाच. बाजारात पाणी शिरून दुकाने आठ दिवस बंद राहिली तर त्याचे कमिशन शून्य होते आणि पिग्मी भरणारा गाडेवालाही त्याच दिवसांत रिकामा असतो. चवथीच्या आधी तर लोक पिग्मी मोडून पैसे उचलतात. पावसाळ्याआधी पुरुमेंताचे (साठवणीचे) सामान आणि जूनमध्ये शाळेची फी, या दिवसांतही रोजचा भरणा आटतो. बँकांसाठी ठेवी गोळा करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ‘कामगार’ मानले आणि त्यांचे कमिशन हे वेतनच आहे, असे सांगितले. तरीही आपल्याकडच्या कित्येक संस्थांच्या ‘कर्मचारी कल्याण’ नियमात ‘कर्मचारी’ म्हणजे फक्त हजेरीपटावरचा माणूस. तेव्हा पहिली दुरुस्ती इथेच हवी. निधीच्या नियमात पिग्मी संकलक, रोजंदारीवरचा शिपाई आणि रात्रपाळीचा राखणदार यांचा स्पष्ट उल्लेख असावा.

२३ जुलै २०२१ रोजी म्हादई आणि खांडेपार नद्यांना पूर आला, तेव्हा सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, फोंडा या तालुक्यांत घरे पडली, पोफळी-केळीच्या बागा पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पतसंस्थेचा सभासद, जामीनदार, पिग्मीवाला आणि क्लार्क एकाच पुरात सापडतात. खाण बंदीचे तसेच झाले. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ पासून ट्रक उभे राहिले, हप्ते थकले, आणि ज्या गावातले हप्ते थकले त्याच गावात वसुलीला जाणारा माणूसही राहत होता.

सरकारी योजना आहेत, त्या आधी पूर्ण वापराव्यात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण आहे. मात्र हा हप्ता बँकेच्या किंवा टपाल खात्याच्या खात्यातूनच कापला जातो, पतसंस्थेच्या बचत खात्यातून नाही. दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्या संकलकाचे बँक खाते आहे की नाही आणि विम्याला त्याची संमती भरली आहे की नाही, हे संस्थेने दरवर्षी मे महिन्यात तपासावे, कारण या विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते. एवढे करूनही मोकळी जागा उरतेच. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात माणूस दाखल झाला तर उपचार योजनेतून होतात, पण सोबतच्या माणसाचे जेवण, येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली रोजी कोणी देत नाही. अनुदान हवे ते यासाठी.

आता निधी कसा उभा करावा ते. तो नफ्यातूनच यावा, ठेवींना हात लागू नये. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. त्यामुळे दानधर्माच्या नावाने सैलपणा परवडणारा नाही. कायद्याचा राखीव निधी आणि इतर सक्तीच्या तरतुदी आधी, मग धर्मादाय. बहुराज्यीय संस्थांसाठी २००२ च्या कायद्यातच मर्यादा आहे: सहकाराच्या विकासासाठी किंवा धर्मादाय कामासाठी निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत. धर्मादाय कामाची व्याख्या तिथे १८९० च्या कायद्यातून घेतली आहे. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाची कामे तिच्यात बसतात. केवळ धार्मिक शिकवण किंवा पूजाअर्चा बसत नाही. २००१ च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखालच्या संस्थांनी आपल्या उपविधीत (संस्थेच्या नोंदणीकृत नियमावलीत) काय लिहिले आहे ते आधी पाहावे. निधीची तरतूदच नसेल तर उपविधी दुरुस्ती लागते, आणि ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवून घेतल्याशिवाय एक रुपयाही वाटू नये. पुढच्या लेखापरीक्षणात तो खर्च आक्षेपात निघतो आणि संचालकांवर वसुली बसते. मग पुढची दहा वर्षे कोणी निधीचे नाव काढत नाही.

आकडे छोटे असले तरी चालतात. ४० लाख नफा असलेल्या संस्थेने २ टक्के काढले तर ८० हजार होतात. दहा हजारांप्रमाणे ती आठ कुटुंबांची तातडीची मदत झाली.

पण तरतूद केली म्हणजे पैसा हाताशी आला असे नव्हे, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. निधी ताळेबंदाच्या देणे बाजूला दिसतो, त्यामागचा पैसा मात्र कर्जात वाटलेला असतो. पूर आला की ठेवीदारही पैसे काढायला येतात, रोकड आटते आणि निधी कागदावर राहतो. म्हणून निधीइतकीच रक्कम वेगळ्या बँक खात्यात हवी: निम्मी बचत खात्यात, निम्मी तीन महिन्यांच्या मुदत ठेवीत. ते खाते आपल्याच संस्थेत ठेवू नये. संस्थेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तर निधीही त्यात अडकतो, आणि नेमक्या त्याच वेळी कर्मचाऱ्याचा पगार थांबलेला असतो.

निर्णय कोण घेणार? संचालक मंडळाची बैठक महिन्यातून एकदा होते, पुराचे पाणी तेवढे थांबत नाही. तिघांची समिती पुरते. एक संचालक, कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक कर्मचारी आणि संचालक नसलेला एक सभासद. दहा हजारांपर्यंतची रक्कम दोघांच्या सहीने ७२ तासांत मंजूर व्हावी, त्यावरची रक्कम पुढच्या मंडळ बैठकीत. अर्जदार समितीतल्या कोणाचा नातेवाईक असेल तर त्याने बाहेर बसावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे. गोव्यात गाव लहान, सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. म्हणूनच ते लिहून ठेवणे सगळ्यांच्या भल्याचे.

कागद कमी मागावेत. एक पानी अर्ज, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील एवढे सगळ्यांकडून. घराचे नुकसान असेल तर दोन फोटो. तलाठ्याचा पंचनामा तीस दिवसांत मागाहून आला तरी चालावा. आजारपणात डिस्चार्जचा कागद मागणे चूक आहे, तो तर शेवटी मिळतो. दाखल केल्याची चिठ्ठी पुरेशी धरावी. रक्कम खात्यातच जमा करावी. धनादेश देण्याचा फोटो, हार, व्यासपीठ यांतले काहीही नको. ज्या क्लार्कच्या घराची भिंत पडली आहे त्याला सभेत उभे करून पाकीट देणे म्हणजे मदत नव्हे. वार्षिक अहवालात नावे न छापता किती अर्ज आले, किती मंजूर झाले, नाकारले ते का आणि अर्जापासून पैसे जमा होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले, एवढे छापावे. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कुठेच छापलेला दिसत नाही.

एका गैरप्रकाराबद्दल स्पष्ट लिहिलेच पाहिजे. अर्जदाराचे कर्ज त्याच संस्थेत थकलेले असते. अनुदान मंजूर होते आणि त्याच दिवशी थकीत हप्त्यात वळते केले जाते. खातेउताऱ्यावर एका ओळीत दहा हजार जमा, खालच्याच ओळीत दहा हजार नावे, म्हणजे वजा. घरावर घालायला पत्रे आणायचे होते, ते राहिलेच. संस्थेची थकबाकी मात्र कागदावर कमी झाली, म्हणजे संस्थेने धर्मादाय निधीतून स्वतःलाच मदत केली. नियमात एक वाक्य घालावे: ‘या निधीतील रक्कम अर्जदाराच्या किंवा तो जामीन असलेल्या कोणत्याही कर्जात वळती करता येणार नाही.’ संगणकातली आपोआप वसुली त्या खात्यापुरती बंद ठेवावी, किंवा सरळ दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर पैसे पाठवावेत.

दुसरी बाब संकलकाच्या यंत्राची. पिग्मीचे हातातले यंत्र पावसात भिजले आणि दिवसाच्या नोंदी संध्याकाळी संगणकात चढायच्या राहिल्या, तर रोकड आणि पावत्या जुळत नाहीत. तूट त्याच्या खिशातून किंवा त्याच्या सिक्युरिटी डिपॉझिटमधून भरून घेतात. जलरोधक पिशवी, सोबत कागदी पत्रक आणि दुपारी एकदा नोंदी चढवणे, या तिन्हींचा खर्च किरकोळ आहे. खातेदारांची पुस्तके तपासून तूट नैसर्गिक कारणाने झाली हे सिद्ध झाले, तर ती भरून देण्याची सोय निधीत असावी.

गावासाठी द्यायच्या अनुदानाला वेगळा हिशेब लावावा. मासळी विकणाऱ्या बायकांच्या गटाला बर्फाच्या पेट्या, वाड्यावरच्या शाळेला नळ आणि शौचालयाची दुरुस्ती, पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीचे कौल, अशा वस्तू बाहेरच्या संस्थेला सुचत नाहीत. पिग्मीवाल्याला त्या रोज दिसतात. अर्जावर त्याचा शेरा घ्यावा. रक्कम दोन हप्त्यांत द्यावी, साठ टक्के आधी आणि चाळीस टक्के बिले व जागेवरची पाहणी झाल्यावर. संपूर्ण रक्कम एकदम दिली की बिले येत नाहीत, आणि सगळी मागाहून दिली की गरीब गटाला कामच सुरू करता येत नाही. वस्तू दिली तर तिच्या दुरुस्तीला रकमेच्या दहा टक्के बाजूला ठेवावेत. बंद पडलेल्या शिलाई यंत्रांनी भरलेल्या खोल्या गोव्यात पुष्कळ आहेत.

आणि एकट्या संस्थेने हे पेलणार नाही, कारण आपत्ती तिच्या सगळ्या सभासदांवर एकाच दिवशी येते. अमेरिकेतल्या क्रेडिट युनियन, म्हणजे तिथल्या पतसंस्था, आपल्या राष्ट्रीय प्रतिष्ठानामार्फत ‘सीयू-एड’ नावाचा सामाईक निधी चालवतात. चक्रीवादळात घर गेलेल्या कर्मचाऱ्याला त्यातून मदत मिळते. एका राज्यातल्या नुकसानीला दुसऱ्या राज्यातला पैसा येतो. आपल्याकडे वीस संस्थांनी प्रत्येकी ५० हजार घातले तर दहा लाख होतात. ३०० कर्मचारी आणि संकलकांनी महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाला १ लाख ८० हजार त्यात पडतात. सत्तरीत पूर आला तर सासष्टीचा पैसा उपयोगी पडतो, काणकोणात वादळ आले तर बार्देशचा.

असा सामाईक निधी संस्था नोंदणी कायद्याखाली स्वतंत्र नोंदवावा. बाहेरून पैसा घ्यायचा तर दोन कुंपणे ध्यानात ठेवावीत. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी सहकारी संस्थेला थेट राबवता येत नाही. त्यासाठी आयकर खात्याची मान्यता असलेली, तीन वर्षे काम केलेली नोंदणीकृत संस्था किंवा न्यास लागतो. दुसरे परदेशी पैशाचे. लंडन किंवा आखातातला गोंयकार भारतीय पासपोर्टवर असेल तर बँकेमार्फत आलेली त्याची देणगी परदेशी धरली जात नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल तर, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड) असले तरी, ती परदेशी देणगी ठरते. त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँक शाखेतले खाते लागते. पावती फाडण्याआधी देणगीदाराला हे विचारावेच. गावच्या प्रेमाने पाठवलेले पाचशे पौंड चुकीच्या खात्यात आले तर निस्तरायला वर्ष जाते.

ज्या सभासदांना हा विषय यंदाच्या सभेत आणायचा आहे त्यांनी नोटीस निघण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांना लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पत्रात तीनच प्रश्न पुरेत: निधीत आज किती रक्कम आहे, ती कोणत्या बँकेतल्या कोणत्या खात्यात आहे आणि गेल्या तीन वर्षांत तिच्यातून कोणत्या कारणासाठी किती खर्च झाला.

आपले,
पतसंस्थांच्या हिशेब तपासणीत काम करणारे काही सहकारी, फोंडा