बायोप्सी कॅसेटची झाकणे प्रोसेसरमध्ये उघडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी १८ वर्षे हिस्टोपॅथॉलॉजीचे (शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचे) काम करते. गेल्या महिन्यात दवा बाजारातल्या आपल्या डीलरकडून बायोप्सी कॅसेटचे (तपासणीचे तुकडे ठेवायच्या, झाकणाच्या छोट्या जाळीदार पेट्यांचे) २ डबे घेतले. रात्रीच्या प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे मशीन त्यांना अल्कोहोल, झायलीन आणि पॅराफिन मेणातून नेते तेव्हा, त्या कॅसेटची झाकणे आपोआप उघडतात.

मंगळवारी जठराच्या बायोप्सीचे ४ तुकडे आले. सर्वांत मोठा जेमतेम २ मिलिमीटरचा. ग्रॉसिंगच्या (नमुना पाहून कॅसेटमध्ये भरण्याच्या) वेळी मी ते मोजून नोंदवले, पुढे नीट दिसावेत म्हणून वर इओसिन या गुलाबी रंगाचा थेंब टाकला, ओल्या फिल्टर पेपरात पुडी बांधली आणि टक् आवाज येईपर्यंत झाकण दाबले. सकाळी एम्बेडिंगला (तुकडे मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, बसवायला) बसले तर झाकण उघडे, पुडी सुटलेली, आत दोनच तुकडे. तिसरा बास्केटच्या तळाशी मिळाला. पण त्या रात्री जठराच्याच आणखी दोन पेशंटांच्या कॅसेट उघडल्या होत्या. मग हा तुकडा कोणाचा? खात्री नाही, म्हणून तो कोणाच्याच ब्लॉकमध्ये घालता आला नाही. दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये गेला तर धडधाकट माणसाच्या हाती कॅन्सरचा रिपोर्ट पडेल. चौथा तर सापडलाच नाही.

मोठ्या ऑपरेशनचा नमुना असता तर फॉर्मेलिनच्या बरणीतून दुसरा तुकडा कापला असता. बायोप्सीत मागे काही उरतच नाही. रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ लिहावे लागले. खरगोनहून आलेल्या त्या आजोबांना आता पुन्हा उपाशीपोटी दुर्बीण घालून घ्यावी लागेल. हे त्यांच्या मुलाला सांगताना मला फार वाईट वाटले.

डीलर म्हणाले, ‘मॅडम, ढक्कन ज़ोर से दबाइए.’ म्हणून मी २० रिकाम्या कॅसेट नीट बंद करून अल्कोहोल, झायलीन आणि ६० अंशांच्या पॅराफिनमधून काढल्या. ६ उघडल्या. झायलीननंतर झाकणाची पकड सैल होते, हे हाताला कळते. आमच्या जुन्या लॉटची एकही उघडली नाही. स्पंज घाला, असाही सल्ला मिळाला; पण इतक्या लहान तुकड्यात स्पंजचे त्रिकोणी ठसे उमटतात आणि ते पाहून डॉक्टरांचा गोंधळ होतो.

दोन्ही डबे परत घ्या आणि पैसे द्या. त्याआधी, हा लॉट ज्या ज्या लॅबला गेला आहे त्यांना आजच फोन करून वापर थांबवायला सांगा. डब्यावरच्या लॉट क्रमांकाचा फोटो आणि उघडलेल्या ६ कॅसेट सोबत पाठवत आहे.

आपली,
वरिष्ठ तंत्रज्ञ, हिस्टोपॅथॉलॉजी विभाग
इंदूर